काढून आणलेली टीसी

बबनरावांच्या हळदीत निंदणाचा तिसरा दिवस होता आणि धम्मदीपाची पात पुन्हा मागं पडली होती. बाकीच्या सात बायका धुऱ्याच्या बांधावर टेकून पाण्याची बाटली फिरवत होत्या आणि ही एकटी हळदीच्या गादीवाफ्याच्या कडेला उकिडवी बसून लव्हाळा उपटत होती. लव्हाळा म्हणजे मोठी हट्टी जात. वरून ओढला तर नुसतं पान हातात येतं, गाठ मातीत राहते. खुरपं खोल घालावं तर हळदीचा कोंब दुखावतो आणि मग बबनरावांचं तोंड सुटतं. ठिबकच्या नळ्यांनी माती कायम ओली राहायची, त्यामुळं सगळ्यांच्याच पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. बाकीच्या बायका पाय चोळत कुरकुरायच्या. धम्मदीपाला आता तेवढंही जाणवत नव्हतं.

"काय वं बीएस्सी," धुऱ्यावरून मनकर्णाबाई ओरडली. ती या टोळीची म्होरकी. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण मजुरी वाटताना कुणावर अन्याय करायची नाही. "तुह्या कॉलेजात लव्हाळ्याचा धडा नाई वाटते!"

"हाये ना. सायपरस म्हन्तेत त्याले."

"मंग त्याच नावानं आवाज दे त्याले. येईन मुकाट्यानं बाहीर!"

बायका खो खो हसल्या. धम्मदीपाही हसली. हसायची वेळ आली की हसायचं, हे तिला जमत होतं. गेल्या दीड वर्षात तिचं काहीतरी असं झालं होतं की आनंद काय, दुःख काय, सगळं तिच्यापर्यंत येईस्तोवर थंड होऊन जायचं. कापलेल्या बोटाकडं ती दुसऱ्याचं बोट असल्यासारखी बघायची, चिंधी बांधायची आणि पुढं निंदायला लागायची.

दीड वर्षापूर्वी तिचा नवरा संघपाल हळदीची पोती भरताना ट्रॉलीवरून पडला होता. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसली, आणि क्विंटलाचं पोतं पाठीवर घेऊन पळणारा माणूस काठीवर आला. तेव्हापासून घर धम्मदीपाच्या हातावर चाललं होतं. पहिलीतली साक्षी, तीन वर्षांचा अश्वजित, संघपाल आणि ती. आठवड्यातले दोन दिवस ती कॉलेजात प्रॅक्टिकलला जायची, बाकीचे दिवस वावरात. लग्नानंतर आठ वर्षांनी हिनं बीएस्सीला नाव घातलं तेव्हा गाव हसलं होतं. दुसरं वर्ष पहिल्या वर्गात गेलं तेव्हा गाव गप्प बसलं, इतकंच.

आता तिच्यापुढं एकच गोष्ट होती. शाळेत तिला शिकवणाऱ्या वैजयंतीबाई हल्ली औरंगाबादला मुलींच्या एका वसतिगृहावर रेक्टर होत्या. त्यांनी तिला मदतनीस म्हणून यायला सांगितलं होतं. राहायला एक खोली, पोरांना चालत जाता येईल अशी शाळा, आणि संघपालला फाटकावर रजिस्टर घेऊन बसायचं काम. बसून करायचं काम. त्या तीन शब्दांसाठी ती काय वाट्टेल ते करायला तयार होती. पण तिसऱ्या वर्षाला तिकडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तरच हे जमणार होतं, नाहीतर आधीची दोन वर्षं पाण्यात. आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जायचं म्हणजे आधी तिकडच्या लोकांनी इकडचे विषय तपासायचे, जुळतात म्हणायचं, मग इकडच्यांनी ना-हरकत द्यायची, आणि हे सगळं झाल्यावर अगदी शेवटी टीसी काढायची. तिकडून नकार आला तर पाय टेकायला जागा असावी म्हणून तिनं इथल्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला नाव घालून ठेवलं होतं. फाईल पूर्ण करायला आता एकच कागद कमी होता. ती या कॉलेजात शिकते आहे असं सांगणारा बोनाफाईड. तो शुक्रवारपर्यंत पाठवायचा होता. आज सोमवार होता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा संघपाल चुलीपुढं उंच पाटावर बसून भाकरी थापत होता. खुबा पुरता वाकत नसल्यामुळं एक पाय सरळ पुढं, आणि त्या पायावरून चढउतार करत अश्वजित खेळत होता. भाकरी कडेला फाटली होती. पहिले काही महिने तो फाटक्या भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायचा. आता सगळ्याच फाटायच्या, त्यामुळं तो प्रश्न मिटला होता.

"काय म्हने औरंगाबादवाल्या बाई?" त्यानं विचारलं.

"शुक्रवारपर्यंत कागद पायजे म्हने."

"कोनता?"

तिनं हातपाय धुतले, कोरड्या फडक्यानं बोटांच्या बेचक्या पुसल्या. सगळं पहिल्यापासून सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. "बोनाफाईड," ती म्हणाली. "मंग ना-हरकत. मंग टीसी. लय हाये अजून."

"टीसी मंजे दाखलाच ना?"

"हाव, तसंच."

एवढंच बोलणं झालं. आणखी दोन वाक्यं बोलली असती तर पुढचं काही झालं नसतं, हे तिला नंतर पुष्कळदा वाटलं. पण दिवसभर निंदून आलेल्या बाईकडं वाक्यं मोजकीच उरतात.

दाखला या शब्दाचं संघपालच्या मनात काय होतं, ते सांगायला हवं. त्याचे आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे. जायच्या आदल्या दिवशी बाप शाळेत जाऊन पोराचा दाखला काढायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाठोड्यात तळाशी ठेवायचा, आणि भट्टीजवळच्या शाळेत तो दाखवला की पोरगं वर्गात बसायचं. एका वर्षी बाप विसरला. तिथल्या गुरुजींनी दाखला मागितला, तो नव्हता, आणि संघपालनं ते अख्खं वर्ष विटा उलटवण्यात काढलं. परत आल्यावर त्याच्या बरोबरीची पोरं पुढं गेलेली. आठवीत त्यानं शाळा सोडली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच पक्कं बसलं होतं, की गाव सोडायचं असेल तर आधी दाखला हातात पाहिजे, बाकीचं सगळं मागून होतं.

मंगळवारी धम्मदीपा वावरात गेल्यावर त्यानं दोन्ही पोरांना शेजारच्या चंपाबाईकडं ठेवलं, धुवट सदरा घातला आणि काठी टेकत फाट्यावर गेला. बादलची काळीपिवळी जीप तिथं सवाऱ्या भरत उभी होती. बादलनं त्याला पुढच्या सीटवर घेतलं. कॉलेजात तो साडेदहापासून खिडकीपुढच्या रांगेत उभा राहिला. बाक होता, पण बसलं की नंबर जायचा. दुपारी अडीचला माणिकराव क्लार्कनी अर्ज मागितला. तो त्यानं एका पोरीकडून लिहून घेतला आणि खाली सही केली, धम्मदीपा संघपाल. तिची सही त्याला येत होती. लग्न झालं त्या वर्षी ती त्याला कागदावर करून दाखवायची आणि तो गंमत म्हणून गिरवायचा. घाईत असलेल्या माणिकरावांनी वर पाहिलं नाही. शिक्का मारला आणि टीसी खिडकीतून बाहेर सरकवली.

संध्याकाळी धम्मदीपा घरी आली तेव्हा संघपाल दारातच उभा होता. बसलेला नव्हता, उभा होता. त्याच्या हातात नवीकोरी प्लॅस्टिकची फाईल होती.

"ह्ये घे," तो म्हणाला. "तुही एक चक्कर वाचली."

धम्मदीपानं फाईल उघडली. हात ओले होते म्हणून कागद तिनं कडेनं धरला. महाविद्यालय सोडल्याचा दाखला. नाव, जात, जन्मतारीख. महाविद्यालय सोडल्याची तारीख आजची. सोडण्याचं कारण, स्वतःच्या विनंतीवरून. वर्तणूक चांगली.

"उभ्याउभ्या चार तास झाले," संघपाल सांगत होता. "मंधात पाय लय भरून आला, पन म्हटलं आता नंबर सोडाचा नाई. बादल म्हने, तू कायले जाऊन राह्यला, वहिनी जाईन ना. म्हटलं, ते वावरात मरून राह्यली, एक काम तं मले करू दे."

दीड वर्षात तो एका दमात इतकं बोलला नव्हता. चेहरा उन्हानं रापला होता आणि त्यावर हसू होतं. ट्रॉलीवरून पडायच्या आधीचं.

तिला कळलं होतं. टीसी निघाली म्हणजे इथलं नाव कटलं. नाव कटलं म्हणजे बोनाफाईड नाही. बोनाफाईड नाही म्हणजे फाईल अर्धी, आणि औरंगाबादचं दार बंद. ती ना इथली राहिली ना तिथली. हे सगळं एकाखाली एक, परीक्षेतल्या उत्तरासारखं तिच्या डोक्यात लागलं. तिनं फाईल बंद केली, खुंटीला अडकवली आणि पोरांना आणायला चंपाबाईकडं गेली. रात्री जेवताना त्यानं तिला भाकरीचा न फाटलेला अर्धा वाढला. तिनं तो खाल्ला.

सकाळी डबा भरताना तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही. टीसी शेवटी काढायची असते, आधी काढली तर नाव जातं, एवढंच म्हणाली.

संघपाल अश्वजितच्या शर्टाची बटणं लावत होता. त्याची बोटं एका बटणावर थांबली. "मंजे मी काढली म्हनून—"

"हाव."

"पन दाखला असल्याबिगर तिथं घेतीन कसे?"

"ते शाळेचं होतं. ह्ये निराळं हाये."

त्यानं ते बटण लावलं. मग म्हणाला, "मंग वापस देऊन येतो. माह्या हातानं आनली, माह्याच हातानं देतो."

धम्मदीपानं मनकर्णाबाईला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं. मनकर्णाबाईनं कारण विचारलं, कॉलेजाचं काम आहे म्हटल्यावर, "जाय बाई, लव्हाळा काई पयून नाई जात," म्हणाली. साक्षीला शाळेत सोडलं. अश्वजितला चंपाबाईकडं ठेवता येईना, ती बाजाराला रिसोडला निघाली होती, म्हणून त्याला कडेवर घेतलं.

खिडकीपाशी माणिकराव होते. टीसी उलटसुलट करून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. रिटायर व्हायला त्यांना अकरा महिने होते आणि हे ते सगळ्यांना न विचारता सांगायचे.

"वापस? टीसी काई साडी हाये का बाई, रंग आवडला नाई म्हनून वापस कराले?"

"सर, चुकून निघाली. यायले माह्यत नोतं."

"यायले कोनाले? अर्जावर सही तं तुमची हाये."

संघपाल म्हणाला, "सही मी केली साहेब."

माणिकरावांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, खिडकी सोडली, बाजूचं दार उघडलं आणि तिघांना आत घेतलं. आतल्या खोलीत कागदांचे गठ्ठे आणि एकच जादा खुर्ची होती. संघपालनं ती धम्मदीपाला दिली. तिनं ती त्याच्याकडं सरकवली. शेवटी खुर्चीवर अश्वजित बसला.

"दुसऱ्याची सही करनं मंजे काय असते, समजते का तुमाले?" माणिकराव दबक्या आवाजात म्हणाले. "अन् मी न पाहता देली, आता माह्याबी गळ्याशी आलं. अकरा महिने राह्यले माहे."

"काई करा सर, पन नाव पुन्हा घ्या," धम्मदीपा म्हणाली. "शुक्रवारी माही फाईल बंद होते."

माणिकराव माणूस वाईट नव्हता. ते उठून प्राचार्यांकडं गेले. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली. संघपाल भिंतीला टेकून उभा होता आणि दुखऱ्या पायावरचा भार काढून पुन्हा त्याच पायावर टाकत होता. अश्वजितनं टेबलावरची टाचणी उचलली, धम्मदीपानं ती काढून घेतली.

"होते," माणिकराव आले ते घाम पुसत. "रजिस्टरले टीसी रद्द दाखवतो, नाव पह्यल्यासारखं चालू. आजच बोनाफाईड देतो. पन यायले लेखी द्या लागते. बायकोची संमती नसतानी खोटी सही करून टीसी काढली असं."

"देतो," संघपाल म्हणाला.

"अन् कोन्या हेतूनं, तेबी लिहा लागते. घ्या, मी सांगतो तसं लिहा."

संघपालनं काठी भिंतीला लावली, टेबलावर वाकला आणि पेन धरलं. माणिकराव सांगू लागले आणि तो एकेक अक्षर काढू लागला. मी खाली सही करणार संघपाल, असे लिहून देतो की, माझी पत्नी धम्मदीपा हिच्या संमतीशिवाय, व तिच्या शिक्षणात अडथळा आणण्याच्या हेतूने—

"सर," धम्मदीपा म्हणाली. "तसं नाई झालं. हे तं माह्यासाठीच आले होते."

"तसं नाई झालं तं मंग टीसी तुमच्याच भल्यासाठी निंघाली," माणिकराव म्हणाले. "मंग रद्द कायले कराची? नवरा-बायको दोघंबी राजी होते असं दिसलं की झालं. प्राचार्य साहेब सही नाई करत. मी तरी काय करू?"

संघपालनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. तो वाट बघत होता. ती काय म्हणते याची, दुसऱ्या कशाची नाही. तिच्या मनात घड्याळ होतं. खिडकी चारला बंद होते, कागद स्कॅन करायला अर्धा तास लागतो, आणि शुक्रवारी तिकडची यादी जाते. ती खोली, ती शाळा, ते बसून करायचं काम. ती म्हणू शकत होती की राहू द्या, असं खोटं नको. शब्द तयार होते. ती बोलली नाही. तिनं अश्वजितच्या नाकाचा शेंबूड पदरानं पुसला आणि नजर टेबलाखाली नेली.

"सांगा साहेब," संघपाल म्हणाला. "हेतूने, इथवर झालं."

त्यानं सगळं लिहिलं. झालेल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे, पुन्हा असे करणार नाही. अक्षरं काढून झाल्यावर त्यानं पेन पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं आणि प्रत्येक शब्दावर सावकाश शिरोरेषा ओढत खाली आला, तिसरीत शिकवलं होतं तशी. माणिकराव घड्याळाकडं बघत होते, पण थांबले. मग संघपालनं सही केली, या वेळी स्वतःची.

"वाचून दाखवा साहेबायपुढं," माणिकराव म्हणाले. "तसा नियम हाये."

प्राचार्यांच्या खोलीत त्यानं उभ्यानं वाचलं. दोन प्राध्यापक चहा पीत बसले होते. त्यातले एक धम्मदीपाला वनस्पतिशास्त्र शिकवत. 'अडथळा आणण्याच्या हेतूने' या शब्दांवर त्यांनी कप खाली ठेवला आणि संघपालकडं असं पाहिलं की जणू असली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. मग धम्मदीपाकडं पाहून त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. ती सहानुभूती तिनं घेतली. नको म्हणायला तोंड उघडलं नाही. तिला लाज वाटली, आणि कितीतरी महिन्यांनी काहीतरी नीट, जागच्या जागी वाटलं, ते हेच.

साडेतीनला बोनाफाईड मिळाला. तो बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून तिनं पाठवला. तीन मिनिटांत वैजयंतीबाईंचा मेसेज आला, कागद मिळाला, आता विषय तपासणीला गेले, पंधरा दिवस लागतील, काळजी करू नकोस. म्हणजे ती परवा जिथं होती तिथंच आज पुन्हा उभी होती. काही गमावलं नव्हतं. माणिकरावांनी लेखी कागदाची एक प्रत तिच्याही हातात दिली होती, पुढं कुणी विचारलं तर दाखवायला.

स्टँडवर बादलची जीप भरायची होती. दोघं लिंबाखाली थांबले. संघपालला उघड्या जमिनीवर बसता येत नव्हतं म्हणून तीही उभी राहिली. अश्वजित तिच्या खांद्यावर झोपला होता, त्याचं ओझं हाताला रग लावत होतं.

"तो कागद हाये ना जवय?" त्यानं विचारलं.

"हाये."

"पाह्य बरं, अक्षर बरोबर आलं का? घाईत लिहिलं."

तिनं फाईलमधून कागद काढला. अक्षर मोठं, गोल आणि सरळ होतं. एकही खाडाखोड नव्हती. ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली, कारण तो बघत होता.

"चांगलं आलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी बोलाले पायजे होतं तिथं."

"कायले? काम झालं ना."

"झालं."

"मंग?" तो म्हणाला आणि रस्त्याकडं बघू लागला. थोड्या वेळानं, तिच्याकडं न बघता, त्यानं विचारलं, "औरंगाबादले गेल्यावर हा कागद तिथल्या बाईले दाखवा लागते का?"

"नाई."

"बरं."

तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. तिनं कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, आणि ती फाईलमध्ये सगळ्यात मागं सरकवली.

जीप भरली. बादलनं संघपालला हात देऊन पुढच्या सीटवर चढवलं, त्याचा ताठ पाय उचलून आत ठेवला. धम्मदीपा पोराला घेऊन मागं बायकांमध्ये दाटीनं बसली. गाडी गावाबाहेर पडल्यावर बादलनं सहज विचारलं, "काय गा संघपाल, काल गेलता, आज पुन्हा? अन् आज तं जोडीनं! काय काम निंघालं येवढं?"

धम्मदीपानं मान वर केली. मागच्या बायकांनीही कान टवकारले. संघपालनं काठी दोन्ही गुडघ्यांत धरली आणि समोरच्या काचेतून बघत, जरा मोठ्यानंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"हिच्या कॉलेजचं होतं गा. माह्या सहीबिगर अडलं होतं."